गावाखालची कोळसा खाण वाढणार आहे? आधी पॅनेलचा नकाशा मागा

पेपरात निविदांच्या गर्दीत एक चौकट येते: 'पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी'. खाली खाणीचं नाव, वर्षाला इतक्या टनांवरून तितक्या टनांवर विस्तार, एक तारीख, एक जागा. कोणीतरी तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकतो आणि पहिला प्रश्न हमखास येतो, 'आपलं वावर जाते का?'

भूमिगत खाण असेल तर बहुतेक वेळा वावर जात नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पेरणीही तुम्हीच करता, खालचा कोळसा तेवढा जातो. त्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि सुनावणीला गेलेच तर फक्त नोकरी मागून येतात. मी बरीच वर्षं खाणीच्या सर्व्हे ऑफिसात नकाशे काढले, आता निवृत्त आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसून एवढं कळलं की विस्ताराच्या जाड फायलीत गावकऱ्याच्या कामाची पानं जेमतेम दहा असतात आणि नेमकी तीच मागायला कोणी येत नाही. हा लेख त्या दहा पानांसाठी आहे. उदाहरणं नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडची आहेत, कारण मला माहीत असलेल्या खाणी तिथल्या.

वाढणार म्हणजे नेमकं काय वाढणार?

जाहिरातीत टनांचा आकडा असतो, पण टन वाढवण्याच्या वाटा निरनिराळ्या. खाणीची हद्द पुढे सरकवून नवी जमीन खाली घेता येते. हद्द तीच ठेवून जास्त वेगाची मशीन उतरवता येते. किंवा आजवर खाली उभे ठेवलेले कोळशाचे खांब आता काढायला घेता येतात. बऱ्याच प्रस्तावांत हे सगळं थोडं थोडं असतं. तुमच्या वावराला सर्वांत जास्त फरक पडतो तो खांबांमुळे, म्हणून ते नीट समजून घ्या.

आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणी 'बोर्ड अँड पिलर' पद्धतीच्या आहेत. खाणीचा नकाशा पाहिला तर तो नागपूरच्या एखाद्या ले-आउटसारखा दिसतो. रस्ते म्हणजे गॅलऱ्या, त्यातला कोळसा काढलेला. प्लॉट म्हणजे पिलर, त्यातला कोळसा तसाच उभा. गॅलरी साधारण ४.८ मीटरपेक्षा रुंद ठेवत नाहीत. समजा एका पिलरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ३० मीटर अंतर आहे. हिशेब केला तर अशा जाळ्यात सुमारे ३० टक्केच कोळसा निघतो. उरलेला ७० टक्के कोळसा खाली उभा राहून तुमचं वावर, रस्ता, देऊळ, सगळं डोक्यावर धरून असतो.

पुढचा टप्पा डिपिलरिंगचा. टोकाकडून मागे येत येत हे पिलरही काढतात आणि रिकाम्या जागेचं छत मुद्दाम पडू देतात. पडलेल्या त्या जागेला 'गोफ' म्हणतात. दुसरा मार्ग 'स्टोइंग'चा, म्हणजे पाण्याबरोबर वाळू सोडून पोकळी भरून काढायची. स्टोइंगने जमीन फारशी बसत नाही, पण ती वाळू बहुधा कन्हान-वर्धेसारख्या नदीतूनच येते, हेही विसरू नका. फुकट काही नसतं.

मशीनबद्दल भीती थोडी कमी ठेवली तरी चालेल. 'कंटिन्युअस मायनर' कोळसा कापून काढतो, सुरुंग लावत नाही, त्यामुळे घरांना बसणारे हादरे घटतात. पण तो भराभर पुढे सरकतो, म्हणून जमीन बसायचं वेळापत्रकही आधीपेक्षा जवळ येतं. देशातल्या भूमिगत खाणींचं उत्पादन २०३० पर्यंत वर्षाला १०० दशलक्ष टनांवर न्यायचं सरकारचं उद्दिष्ट आहे, तेव्हा येत्या काही वर्षांत असे विस्तार बरेच निघणार.

कागद कुठे मिळतात?

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेली अधिसूचना अजूनही या सगळ्याचा पाया आहे. तिच्याप्रमाणे सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय इथे पाहायला ठेवलेला असतो. मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर खाणीच्या नावाने शोधलं तर अर्ज आणि आधीच्या बैठकांची इतिवृत्तंही सापडतात.

मराठीत 'कार्यकारी सारांश' म्हणून वीस-पंचवीस पानं मिळतात. ती वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. मशीनवर टाकलेल्या भाषांतरामुळे सारांशात कधी कधी 'पिलर'चे 'स्तंभ' आणि 'पॅनेल'चं 'मंडळ' झालेलं असतं, मग वाचणाऱ्याला वाटतं कुठलं तरी मंडळ जमीन खाली करणार आहे. मूळ इंग्रजी अहवाल उघडा आणि कॉलेजात शिकणाऱ्या पोराला शेजारी बसवा.

कधी सुनावणी होतच नाही. खाणीची आधी सुनावणी झालेली असेल आणि वाढ ठरावीक मर्यादेत असेल तर २०२२ च्या कार्यालयीन आदेशांनुसार मंत्रालय तिच्यातून सूट देऊ शकतं. तुमच्या खाणीने तशी सूट मागितली आहे का, हे 'परिवेश'वरच्या अर्जात दिसतं. मागितली असेल तर तुमचं म्हणणं लेखी पाठवण्याची वेळ आत्ताची आहे.

ती दहा पानं

पहिलं पान पॅनेलच्या नकाशाचं. डिपिलरिंग एका वेळी एका तुकड्यात होतं, त्या तुकड्याला पॅनेल म्हणतात. या नकाशावर गावाचा गट नकाशा बसवा. ट्रेसिंग पेपर चालतो. मोबाइलवर एकावर एक फोटो ठेवूनही काम भागतं. रेल्वे लाइन, नदीचं वळण, तलाव अशा दोन पक्क्या खुणा जुळल्या की तुमचा गट कुठल्या पॅनेलवर येतो ते दिसतं. पॅनेलच्या शेजारी वर्ष लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्याखाली कधी येणार तेही कळतं. हा नकाशा मसुदा अहवालात नसेल किंवा वाचता येणार नाही इतका बारीक छापला असेल, तर तुमचा पहिला लेखी आक्षेप तोच.

दुसरं, जमीन किती बसेल याचा अंदाज. छत पडू देण्याच्या पद्धतीत जमीन जास्तीत जास्त काढलेल्या थराच्या ६० टक्क्यांच्या आसपास बसू शकते. थर ३ मीटरचा असेल तर वाईटात वाईट १.८ मीटर, माणसाच्या उंचीपेक्षा थोडं जास्तच. खाण खोल असेल आणि पॅनेल अरुंद असेल तर बरंच कमी. अहवालात तुमच्या पॅनेलसमोर किती आकडा आहे तो शोधा. त्याच्याजवळच 'ताण' मिलिमीटर प्रति मीटरमध्ये दिलेला असतो. तो २० असेल तर दर मीटरला जमीन दोन सेंटिमीटर ताणली जाणार. वावर ते सोसेल. घराची भिंत किंवा विहिरीचं बांधकाम सोसणार नाही, घरासाठी तीनसुद्धा काळजीचा आकडा आहे. आणि लक्षात ठेवा, जमीन पॅनेलच्या रेषेवर येऊन थांबत नाही, कडेच्या बाहेरही काही अंतर ओढली जाते. 'माझा गट पॅनेलबाहेर आहे' एवढ्यावर झोप लागू देऊ नका.

खाली बसलेल्या पट्ट्यात पाणी साचतं, ओघळ दिशा बदलतो. सोयाबीन-तुरीचं एक एकर जरी चिबडलं तरी त्याचा पंचनामा कोण करणार आणि भेगा बुजवायच्या कोणी, हे अहवालात लिहिलेलं हवं. भेगा पावसाआधी मातीने बुजवल्या पाहिजेत, नाहीतर पाणी थेट गोफमध्ये उतरतं आणि हवा गेली तर खाली उरलेला कोळसा तापून पेटूही शकतो.

तिसरं, पाणी. अहवालात गावातल्या विहिरींची यादी असते. आपली विहीर त्यात आहे का ते बघा. सहसा नसते. खाणीतून रोज किती पाणी उपसणार आणि ते कुठल्या नाल्यात सोडणार, हे दोन आकडे लिहून घ्या. उपसलेलं पाणी स्वच्छ करून वापरता येतं, पाटणसावंगीला वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स, इथली सरकारी कोळसा कंपनी) तसं पाणी बाटलीत भरून विकायलाही काढलं. पण त्या पाण्यामुळे तुमच्या संत्र्याच्या बागेची विहीर भरत नाही.

जुन्या खाणींचा नकाशाही मागा. विस्तार होताना नव्या गॅलऱ्या कधी काळी सोडून दिलेल्या, पाण्याने भरलेल्या खाणीजवळ जातात. कायद्यात अशा जागेपासून ६० मीटरच्या आत काम करायला खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते, ती उगाच नाही. नागपूरजवळच्या सिलेवारा खाणीत नोव्हेंबर १९७५ मध्ये पाणी शिरून १० कामगार गेले आणि पुढच्याच महिन्यात झारखंडातल्या चासनाला इथे ३७५. वरच्या लोकांनाही जुनी खाण सोडत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेलं आणि आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. खाली जुनी भूमिगत खाण होती. उथळ खाणीत असे खड्डे काम बंद झाल्यावर कित्येक वर्षांनीही पडतात.

आणि ट्रक. हे पान वगळू नका, कारण रोजचा त्रास यातूनच होतो. वर्षाला पाच लाख टन जादा कोळसा निघणार असेल आणि तो वीस टनी ट्रकने, ३३० दिवस जाणार असेल तर दिवसाला साधारण ७५ भरलेले ट्रक आणि तेवढेच रिकामे परत. दीडशे फेऱ्या शाळेसमोरून जाणार का, ताडपत्री झाकणार का, रेल्वे सायडिंग कधी होणार, हे विचारा.

आतापासून घरची नोंदवही

सुनावणीत सर्वांत वजनदार कागद मी पाहिला तो कॅलेंडरची पानं होती. साठी ओलांडलेले एक शेतकरी दर अमावास्येला विहिरीत गाठी मारलेला दोर सोडायचे, कठड्यापासून पाणी किती हात खाली आहे ते मोजून त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. दोन वर्षांची पानं त्यांनी पिशवीतून काढून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. सभागृहात आधी वीस जण तावातावाने बोलले होते, इतिवृत्तात त्यांची मिळून एक ओळ झाली. या बाबांचा अख्खा परिच्छेद झाला, आकड्यांसकट.

तुम्हीही हेच करा. दोराच्या गाठी सारख्या अंतरावर मारा आणि मोजायची जागा बदलू नका. घराच्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, भेग असेल तर तिच्याजवळ नाणं आणि त्या दिवसाचा पेपर धरून. भेग जुनी आहे की वाढते आहे हे पाहायला काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवा. भेग हलली की काच तडकते. एवढी स्वस्त युक्ती इंजिनिअरही वापरतात.

काळ्या मातीचा घोळ मात्र आहे. आपली कसदार काळी जमीन उन्हाळ्यात तशीही फाटते, त्यामुळे खाणवाले प्रत्येक भेगेला 'उन्हाची भेग' म्हणून मोकळे होतात. फरक पाहायला शिका. उन्हाच्या भेगा वेड्यावाकड्या, एकमेकींना छेदणाऱ्या असतात आणि पहिल्या दोन-तीन पावसांत मिटतात. खाणीची भेग बरीचशी सरळ, लांबलचक असते, धुरा, पांदण, शेजाऱ्याचं वावर न बघता ओलांडून जाते, आणि पुष्कळदा तिची एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसलेली असते. तिची दिशा पॅनेलच्या कडेशी जुळली तर फोटोसोबत नकाशाचा तुकडा जोडा.

जमीन की फक्त खालचा हक्क?

सरकारी कोळसा कंपन्यांसाठी जमीन सहसा कोळसाधारक क्षेत्र अधिग्रहण आणि विकास कायदा, १९५७ खाली घेतली जाते. त्यात पूर्ण जमीन घेता येते, तसाच फक्त खाणकामाचा हक्कही घेता येतो. भूमिगत खाणीत दुसरा प्रकार जास्त. पूर्ण जमीन घेतली तर कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी अशी तरतूद आहे. नुसता खालचा हक्क घेतला तर नोकरी सहसा निघत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पाच-पाच वर्षं माणसं कार्यालयाच्या चकरा मारत राहतात.

राजपत्रात या कायद्याच्या कलम ७ ची, म्हणजे जमीन किंवा हक्क घेण्याचा इरादा सांगणारी, अधिसूचना निघाली की आक्षेपासाठी ३० दिवस असतात. अधिसूचनेत गट नंबरासमोर 'सर्व हक्क' आहे की 'खनन हक्क' हे वाचा. खनन हक्क असेल तर जमीन बसल्यावर होणाऱ्या नुकसानीची भरपाई कशी, कोणत्या दराने, किती दिवसांत मिळेल, ते त्याच वेळी लेखी मागा. एकदा पॅनेल काढून झालं की तुमच्या हातात उरते ती भेग आणि पोच नसलेला अर्ज.

सुनावणीचा दिवस

दोन गैरसमज आधी काढून टाका. सुनावणी म्हणजे मतदान नाही, हात वर केल्याने खाण थांबत नाही किंवा मंजूर होत नाही. आणि बहिष्काराने सुनावणी रद्द होत नाही, कारण तिला गणपूर्तीची अटच नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही ती झाली असं धरलं जातं. बाहेर घोषणा देऊन परत येण्यापेक्षा आत जाऊन हजेरीपटावर सही करा, मग हव्या तेवढ्या घोषणा द्या.

अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात, सोबत प्रदूषण मंडळाचे प्रतिनिधी. सगळ्याचं चित्रीकरण होतं. बोलायला मिळेल तेव्हा आधी गाव आणि गट नंबर सांगा. तोंडी बोलणं तीन मिनिटांत आटोपा, कारण खरं काम लेखी कागदच करतो. तो आधीच प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. सुनावणीच्या दिवशी पुन्हा दिला तरी चालतो.

लेखी लिहिताना 'खाणीमुळे शेतीचं नुकसान होईल, विस्तार रद्द करावा' असं लिहिलं की उत्तरही तसंच येतं: 'योग्य ती उपाययोजना करण्यात येईल.' त्याऐवजी असं लिहा: 'माझ्या गटातली विहीर पॅनेलच्या कडेपासून अंदाजे १५० मीटरवर आहे. अहवालाच्या विहिरींच्या यादीत ती नाही. १४ महिन्यांच्या पाणीपातळीच्या नोंदी सोबत आहेत. ही विहीर यादीत घ्यावी, दर महिन्याला मोजावी आणि पाणी आटल्यास पर्यायी पाणी कोण, किती दिवसांत देणार ते कळवावं.' अशा मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं आणि अर्ज तपासणाऱ्या दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीच्या सदस्यालाही त्यावर प्रश्न विचारता येतो.

सुनावणी संपताना झालेल्या चर्चेचा सारांश मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचा असतो. तोवर अर्धी माणसं जेवायला निघून गेलेली असतात. गावातली दोन माणसं थांबवून ठेवा. आपला मुद्दा राहिला असेल तर तिथल्या तिथे उठून सांगायचा, कारण अध्यक्षांची सही त्यानंतर होते.

नंतरची कामं

इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावतात. त्याची प्रत घ्या आणि आपला मुद्दा जसा मांडला तसाच उतरला आहे का ते पाहा. पुढे केंद्रीय तज्ज्ञ समितीची बैठक होते. विस्ताराच्या अर्जात आधीच्या परवानगीच्या अटी पाळल्याचा मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने प्रमाणित केलेला अहवाल लागतो. हा अहवाल नक्की वाचा. भेगा बुजवल्या, विहिरी मोजल्या, झाडं लावली, असं त्यात लिहिलेलं असतं आणि खरं काय ते तुम्हाला वावरात उभं राहून दिसतं. तफावत असेल तर फोटोसह समितीला ईमेल करा.

मंजुरी मिळाली तर ती सात दिवसांत दोन स्थानिक पेपरांत जाहीर करावी लागते. त्या पत्रातल्या अटींना नंबर असतात. जमीन खचणं, विहिरी, वाहतूक यांच्या अटी वेगळ्या काढून मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत जावं लागतं, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. दिवस मोजताना मंजुरीचं पत्र, पेपरातली जाहिरात आणि पोर्टलवरची तारीख, तिन्हींचे कागद जपून ठेवा.

नाही जायचं न्यायाधिकरणात, तरी वर्षातून दोनदा काम आहे. १ जून आणि १ डिसेंबरला खाणीला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तो मागवून घ्या, विहिरींच्या तक्त्यात तुमची विहीर शोधा आणि त्यांच्या आकड्याशेजारी कॅलेंडरवरचा तुमचा आकडा लिहा.